हाती चार हजार एकशे पासष्ट

"मावशी, तुमची पगाराची चिठ्ठी मला एका दिवसासाठी द्याल का?"

मी माठ घासत होते. नारळाची शेंडी हातातच राहिली. सोळा वर्षांच्या नोकरीत मास्तर लोकांनी माझ्याकडे खडू मागितले, चहा मागितला, डोकं दुखतं म्हणून बाम मागितला. पगाराची चिठ्ठी कोणी मागितली नव्हती.

"काहून? तुमची नाई भेटली काय?"

"भेटली. पण तिच्यात काही नाहीच आहे," अनघा मॅडम म्हणाल्या. "चार हजार मानधन, त्यातून एकशेवीस व्यवसाय कर. हातात तीन हजार आठशे ऐंशी. एका वजाबाकीत धडा संपतो. पोरांना शिकवू काय?"

मॅडम यवतमाळच्या. वडील कचेरीत, आजोबाही कचेरीतच होते म्हणे. रोज एस.टी.ने घाटंजी आणि तिथून जे मिळेल त्या वाहनाने आमच्या गावी यायच्या. शिक्षणसेवक होत्या. म्हणजे तीन वर्षं ठरावीक मानधनावर शिकवायचं, मग पुढे पक्कं. बाई बी.एड. झालेली, मी पहिलीतच शाळा सुटलेली, आणि पगार माझा जास्त. अशी गोष्ट मनात ठेवायची असते. मी ठेवली नाही.

"म्हंजे तुमच्याहून माहा पगार जास्त हाये म्हना."

"आहेच ना!" मॅडम हसल्या. त्यांना राग येत नसे, त्यामुळे त्यांना टोमणा मारण्यात मजा नव्हती.

गणिताच्या पुस्तकात पगाराचा धडा होता. एकूण पगार किती, कापतात किती, हातात पडतो किती. पुस्तकातल्या माणसाला महिन्याला अठरा हजार मिळत होते. पोरांनी आदल्या दिवशी विचारलं, मॅडम, ह्याचं वावर किती एकर? मॅडमनी पुस्तक मिटलं. म्हणून त्यांना खरी चिठ्ठी हवी होती. मुख्याध्यापक म्हणाले, माझी बायकोजवळ आहे. विज्ञानाचे सर म्हणाले, हरवली. इंग्रजीचे सर म्हणाले, उंदरांनी खाल्ली. उंदीरही मोठा शिकलेला असावा. मला कारण ठाऊक होतं. कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेची एकेकावर दोन-दोन, तीन-तीन कर्जं, आणि घरी बायकोला सांगितलेला पगार वेगळा.

माझ्याकडेही कारण होतं. माझं मी कोणाला सांगितलं नव्हतं.

"कोनत्या वर्गाले शिकवता?" मी विचारलं.

"नववी ब."

माझी धाकटी नात निकिता नववी अ मध्ये होती. अ ला गणित दुसरे सर शिकवायचे.

"नाव तं नाई लिहिसान?"

"नाही हो. 'एक कर्मचारी' म्हणेन."

मी कमरेच्या पिशवीतून चिठ्ठी काढली. नोव्हेंबरची होती, सन दोन हजार सहाची. आमचे कारकून यज्ञेश्वरबाबू प्रत्येकाला वहीच्या कागदाची उभी चिठ्ठी करून देत. वर पगार, खाली कपात, शेवटी दोन रेघा. मी तिच्यावर बोट ठेवलं.

"हे खालची वळ नका लिहू."

मॅडमनी ती ओळ वाचली. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा ओळ. "मग बेरीज जुळणार नाही, मावशी."

"मंग लिहा," मी म्हटलं आणि माठ घासायला घेतला.

ओळ होती: जामीन कपात, अकराशे रुपये, हप्ता अठ्ठेचाळीसावा, साठपैकी.

*

त्या सालांत आमच्याकडे कापसाला भाव नव्हता. हे सांगण्यात नवं काही नाही. पेपरवाले मुंबईहून येऊन लिहून गेले. आमचं चार एकर कोरडवाहू. माझा मुलगा सदाशिव कष्टाळू आहे, व्यसन नाही, पण ढग त्याचं ऐकत नाहीत आणि बाजार तर माझंही ऐकत नाही. घरात दर महिन्याला ठरल्या तारखेला येणारा पैसा एकच होता, माझा. मालक गेले तेव्हा त्यांच्या जागेवर मला शाळेत शिपाई म्हणून घेतलं. तेव्हापासून घरात सरकी कोणती घ्यायची, पाहुण्याला साडी द्यायची की ब्लाऊजपीस, पोरीचं लग्न कधी, हे मी ठरवते. मला कोणी ठरवायला सांगितलं नाही. पण पगार जिच्या पिशवीत, तिच्या तोंडाकडे सगळे बघतात, मग बोलावं लागतं.

ती सही कशी झाली ते सांगते.

सन दोन हजार. चित्रकलेचे सर एका संध्याकाळी आमच्या घरी आले. शाळेत मी त्यांना पाणी द्यायची आणि ते 'ठेवा' म्हणायचे, एवढीच ओळख. घरी येऊन बाजेवर बसले. चहा पिले. कप स्वतः उचलून मोरीपाशी ठेवला. मग म्हणाले, "इंदूबाई, तुमची सही पाहिजे होती."

मावशी नाही, इंदूबाई.

त्यांना बायकोच्या नावावर बियाण्याचं आणि औषधाचं दुकान टाकायचं होतं. पतसंस्थेच्या कर्जाला दोन जामीन लागत. एक आधीचे म्हातारे कारकून झाले होते. दुसरा मिळेना, कारण सगळे मास्तर एकमेकांना आधीच जामीन होते. शाळेत ती रीतच होती. तू माझ्यावर कर, मी तुझ्यावर करतो. त्या रिंगणात शिपायाला कोणी घेत नसे. शिपायाची सही पगारपत्रकावरच्या रेव्हेन्यू तिकिटावर, बस.

नोकरी लागली तेव्हा मी सही शिकले. त्याआधी अंगठा. एक महिना रोज पाटीवर गिरवली. माझ्या घराण्यात सही करणारी मी पहिली बाई. सरांनी तीन ठिकाणी फुली मारून दिली होती, तिन्ही ठिकाणी मी केली. सही करताना मी जीभ दाताखाली धरते, तशी धरली होती. इंदूचा उकार जरा लांब गेला. सर म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुमचं."

दोन हंगाम कापूस बुडाला. लोकांनी बियाणं उधार नेलं होतं, उधारी परत आली नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सर गेले ते आले नाहीत. राजीनामा पोस्टाने आला. म्हातारे कारकून त्याच वर्षी निवृत्त झाले. राहिली मी.

मुख्याध्यापकांनी मला खुर्चीवर बसायला सांगितलं, तेव्हाच कळलं काहीतरी वाईट आहे.

"मावशी, पतसंस्थेचं पत्र आलंय. दरमहा अकराशे. पाच वर्षं."

"सही माहीच हाये," मी म्हटलं. "कापा."

घरी म्हटलं, पगार कमी झाला, सरकारनं केला. सदाशिवने सरकारला शिव्या दिल्या. सरकारला शिव्यांची सवय आहे.

*

बुधवारी सकाळी मुख्याध्यापकांनी सूचनावही माझ्या हातात दिली. मी अक्षराला अक्षर जोडून वाचते, त्यामुळे अर्ध्या वऱ्हांड्यात पोहोचले तेव्हा अर्थ लागला. नववी अ चे गणिताचे सर मतदार याद्यांच्या कामाला तहसीलीत गेले होते. नववी अ आणि ब चा तास एकत्र, हॉलमध्ये.

सूचनावही हातात घेतली की ती वर्गात न्यावीच लागते. मी नेली.

"चाला, उचला बाकं. हॉलात बसा," मी अ ला सांगितलं. पोरं खूश झाली. बाक उचलायला मिळालं की पोरं कुठेही जायला तयार असतात. निकिताने एका बाकाचं टोक धरलं होतं. तिच्या वेणीची रिबीन सुटली होती. "रिबीन बांध व," मी म्हटलं. तिने मान हलवली.

हॉलात मॅडमनी फळ्याचा अर्धा भाग भरला होता. त्यांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण सांगायचं काय? माझ्या नातीपासून माझा पगार झाकून ठेवा? हे तोंडातून निघेना. आणि दर महिन्याला घाटंजीच्या बँकेतून पैसे काढायचा कागद निकिताच भरायची. आकड्यात आणि अक्षरात. चार हजार एकशे पासष्ट फक्त. मला 'पासष्ट' लिहिताना 'ष' चा गोंधळ होतो.

मी बाहेर माझ्या स्टुलावर बसले. हॉलची खिडकी स्टुलाच्या डोक्यावर आहे. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतं.

"पुस्तकातला माणूस राहू दे बाजूला," मॅडम म्हणाल्या. "हा खरा पगार आहे. आपल्याच तालुक्यातल्या एका कर्मचाऱ्याचा. मूळ पगार तीन हजार वीस. महागाईचे दोन हजार आठशे चोवीस. इतर भत्ते दोनशे छप्पन्न. एकूण?"

"सहा हजार शंभर!"

"बाप्पा, सहा हजार!" हा आयुष. ब वर्गातला. बाप कापसाच्या संकलन केंद्रावर हमाल. पोरगं हुशार, पण तोंडाला दार नाही.

"आता सांगा, हे सगळे हातात पडतात का?"

"नाई पडत, मॅडम. कापते."

"कोण कापतं?"

"ग्रेडर!"

सगळा हॉल हसला. कापूस नेला की ग्रेडर मूठभर घेऊन हुंगतो, दाबतो, ओला म्हणतो आणि किलोमागे कापतो. पोरांना कपात ही गोष्ट समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या भागात पोरगं बोलायला लागायच्या आधी कपात शिकतं.

मॅडम एकेक ओळ सांगत गेल्या. प्रॉव्हिडंट फंड चारशे, ते आपलेच असतात, म्हातारपणी मिळतात. व्यवसाय कर एकशे पंचाहत्तर, तो सरकारला.

"कायचा कर, मॅडम?"

"नोकरी करतो त्याचा."

"काम कराचेही पैसे द्या लागते काय?" आयुष म्हणाला. "मंग बसून राह्यलेलं काय वाईट!"

"तू बसूनच राह्यला ना," कोणीतरी म्हटलं. पुन्हा हशा.

गटविमा साठ. पतसंस्थेची वर्गणी दोनशे. खडूचा आवाज थांबला. मॅडम थांबल्या असाव्यात. मग खडू पुन्हा चालला.

"आणि जामीन कपात, अकराशे."

"थे काय असते?"

"समजा एकाने कर्ज काढलं. दुसऱ्याने सही केली की हा नाही फेडणार तर मी फेडीन. पहिल्याने नाही फेडलं. तर ते दुसऱ्याच्या पगारातून कापतात."

आयुष म्हणाला, "म्हंजे घेतलं एकानं, भरते दुसरा?"

"हो."

"अन् थ्या दुसऱ्याले काय भेटलं?"

खडू करकरला, मॅडम खाली रेघ मारत असाव्यात.

"बयताड असन थो मानूस," आयुष म्हणाला, आणि हॉल असा हसला की छपराचे पत्रे वाजले.

मला राग आला नाही. पोरगं बरोबर बोलत होतं, मूर्खपणाच होता तो. मी आजवर त्या ओळीला बरीच नावं ठेवली होती, हे सुचलं नव्हतं, एवढंच.

"आता वजाबाकी करा. एकूण कपात एकोणीसशे पस्तीस. हाती किती?"

वह्यांचा खसखस आवाज. मग चारी बाजूंनी, "चार हजार एकशे पासष्ट!"

मी उभी राहिले आणि खिडकीतून बघितलं. कारण त्या ओरड्यात एक आवाज नसणार हे मला माहीत होतं. निकिता तिसऱ्या बाकावर होती. तिने पेन खाली ठेवलं होतं. ती फळ्याकडे बघत नव्हती, फळ्याच्या खाली, भिंतीकडे बघत होती. मग तिने हात वर केला.

"मॅडम, हे अकराशे कवापासून कापून राह्यले?"

"चिठ्ठीवर हप्ता अठ्ठेचाळीसावा लिहिलाय. म्हणजे चार वर्षं."

"अठ्ठेचाळीस गुनिले अकराशे," आयुषने लगेच तोंडी केलं, "बावन्न हजार आठशे! मॅडम, बावन्न हजारात तं बैलजोडी येते. मोटरपंप येते. गाडी येते जुनी. थ्याच्या घरच्याईले मालूम असन काय हो?"

"असेलच ना."

"असन तं हानलं असन थ्याले!"

पोरं हसत होती. निकिता हसत नव्हती, आणि आता तिच्या शेजारची पोरगी तिला विचारत होती, काय झालं व.

टोल द्यायला सात मिनिटं होती. मी आत गेले.

शिपाई वर्गात आला की पोरांना वाटतं सूचना आली, सुट्टी असेल. सगळे बघायला लागले. मॅडमचा हात खडूसकट वरच राहिला.

"आयुष, उभा राय."

तो उभा राहिला.

"बयताड कोन थे पायलं नाई ना तू? पाहून घे. थे सही माही हाये."

आयुषने बाकाची कड धरली.

"मोठा मानूस माह्या घरी आला, चहा पिला, सही मांगली. म्या देल्ली. थो पयाला. म्या नाई पयाली. आता बस खाली अन् पुढचं गनित कर."

हे बोलताना मी आयुषकडे बघत होते, पण बोलत दुसरीशी होते. तिने वर बघितलं नाही. तिने वही ओढली आणि काहीतरी लिहायला लागली. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. मी पळाले नाही म्हणणं सोपं होतं. चार वर्षं घरात मी त्या ओळीच्या मागे लपलेच होते, आणि ते हॉलात एका पोरीला कळलं होतं.

मी बाहेर आले आणि टोल दिला. सहा मिनिटं आधी. सोळा वर्षांत पहिल्यांदा. मुख्याध्यापक बाहेर आले, घड्याळ बघितलं, कानाला लावून बघितलं, आणि आत गेले.

*

संध्याकाळी निकिता माझ्यासाठी थांबली नाही. मी वर्ग झाडले, कुलपं लावली, एकटी चालत गेले.

घरी पुढच्या खोलीत कापूस होता. भाव वर जाईल म्हणून तीन आठवडे साठवला होता, छताला भिडेल इतका. आम्ही उरलेल्या जागेत अंग चोरून वावरत होतो. सदाशिव कापसाला टेकून बसला होता. माझी सून कोकिळा आत चुलीपुढे. निकिता दिसली नाही.

मी पाय धुतले. पाणी घेतलं.

"माय, निकिता काय म्हनते?" सदाशिव म्हणाला.

"खरं म्हनते."

"चार वर्सं?"

"चार वर्सं झाले. येक राह्यलं."

त्याने कापसातून एक बोंड काढलं, सरकी वेगळी केली, पुन्हा ढिगात टाकली. "सांगाचं तं होतं."

"सांगून काय केलं असतं तू? थ्याले शोधाले गेला असता? कामधंदा सोडून?"

"नाई गेलो असतो."

"मंग?"

"मालूम तं असतं," तो म्हणाला. "म्या आपला सरकारले शिव्या देत बसलो."

माझा मुलगा आहे, म्हणून सांगत नाही. पण त्याच्या जागी दुसरा असता तर आवाज चढवला असता. त्याने चढवला नाही. मला आवाजाचं उत्तर देता येतं.

आतून कोकिळा म्हणाली, "केतकीचा नंबर लागला होता, आत्याबाई."

भाकरी थापण्याचा आवाज तसाच चालू होता. ती वळली नाही.

"फी बारा हजार होती," ती म्हणाली. "वर्साची."

केतकी माझी थोरली नात. बारावी झाली तेव्हा तिचं नाव डी.एड.च्या यादीत आलं होतं, यवतमाळच्या एका कॉलेजात. यादीचा कागद घेऊन ती एस.टी.तून उतरली आणि रस्त्यावरूनच ओरडत आली होती. घरात सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. पैसे नाहीत, असं मी म्हणाले नाही. पैसे नाहीत म्हटलं की का नाहीत ते सांगावं लागतं. मी म्हटलं, "पोरीले शिकवून काय कराचं? सासरीच तं धाडाची हाये. आपल्या घरात पोरी मास्तरणी होत नाईत." मी, जिच्या घरात चूल माझ्या नोकरीवर पेटत होती, ती मी असं म्हणाले. आणि सगळ्यांनी ऐकलं, कारण मी म्हणाले होते. कागद केतकीने घडी करून ठेवला. पुढच्या वर्षी तिचं लग्न पुसदला करून दिलं. नातजावई बरा आहे. दुकानात हिशेब लिहितो.

अकराशे गुणिले बारा किती, हा हिशेब मला येत नाही असं नाही. मी तो तेव्हाच केला होता. तेरा हजार दोनशे. फी देऊन बाराशे उरत होते, एस.टी.च्या पासाला.

मी वाट बघत बसले. आता कोकिळा वळेल. आता भांडं आदळेल. वीस वर्षांचं सगळं काढेल, तिच्या माहेरच्यांचा मानपान, बाळंतपणातलं तूप, माझं सगळं बोलणं. माझ्याकडे उत्तरं तयार होती. काही खोटी होती, पण तयार होती.

"जेवाले वाढतो, बसा," ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी अनघा मॅडम माझ्या स्टुलाजवळ येऊन उभ्या राहिल्या. चिठ्ठी परत दिली. घडी मी केली होती तशीच घातलेली होती.

"मावशी, माझी चूक झाली. अ वर्ग आला तेव्हाच मी थांबायला हवं होतं."

"तुमची कायची चूक. तुमी तं बेरीज जुळवली."

त्या गेल्या नाहीत. "एक विचारू? परत कोणी आलं तर द्याल सही?"

मी विचार केला. त्यांनी खरं विचारलं होतं, म्हणून खरं सांगावं लागणार होतं.

"थ्यानं कप उचलून ठेवला होता, मॅडम," मी म्हटलं.

त्यांना कळलं की नाही ते माहीत नाही. त्यांच्या घरी कोणीही चहा पिऊन कप उचलून ठेवत असेल; शिपायाच्या घरचा कप मास्तर उचलत नाही. घंटा झाली, त्या वर्गात गेल्या. आयुष मला बघून आता भिंतीला चिकटून जातो. दोनदा त्याला हाक मारली, 'अरे, पानी नेऊन ठेव' म्हणून. पळत नेऊन ठेवतो. त्याला वाटतं मी चिडलेय. चांगलं पोरगं आहे.

निकिता पुन्हा माझ्यासोबत घरी यायला लागली. दप्तर पाठीवर, माझ्यापुढे चार पावलं. कधी बोलते, शाळेचं. कापसाचा भाव शंभराने उतरला तेव्हा सदाशिवने एका सकाळी गाडी बोलावली आणि कापूस भरला. मी शाळेत होते. घरी आले तर खोली मोकळी. किती वाजता नेला, कोणत्या केंद्रावर, काय मिळालं, सगळं त्याने मला नीट सांगितलं. विचारलं मात्र नव्हतं.

कोकिळा या घरात आली तेव्हापासून आम्ही भांडतो. सकाळी पाण्यावरून, दुपारी धुण्यावरून, संध्याकाळी भाजीवरून. तिला जीभ आहे, मला जास्त आहे. मी म्हणायची, "तुह्या मायनं काय शिकवलं तुले?" ती म्हणायची, "मायनं शिकवलं तेच करून राह्यलो, सासूनं काई शिकवलंच नाई." शेजारची विमलताई तांदूळ निवडायचं निमित्त काढून अंगणात येऊन बसायची, नीट ऐकू यावं म्हणून.

दहा-बारा दिवसांनी विमलताईने मला कुंपणापाशी गाठलं.

"इंदूबाई, तब्येत बरी नाई काय तुमची?"

"काहून?"

"आवाज नाई येऊन राह्यला घरातून."

"तुहे कान गेले असन," मी म्हटलं. तिला बरं वाटलं.

त्या संध्याकाळी जेवायला बसले. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी. कोकिळाने ताट माझ्यापुढे ठेवलं, पाण्याचा तांब्या उजव्या हाताला ठेवला, आणि बाजूला उभी राहिली. पहिला घास घेतला. भाजीत मीठ टाकायचंच राहिलं होतं.

मी घास गिळला आणि ती उलटून बोलावी म्हणून म्हटलं, "किती मीठ टाकलं व भाजीत! खारट जहर केली. मानसानं खावं का फेकावं?"

सदाशिवने जेवताना माझ्याकडे बघितलं. तीच भाजी त्याच्याही ताटात होती.

कोकिळा म्हणाली, "हो आत्याबाई. उद्या कमी टाकतो."

आणि तिने तव्यावरची गरम भाकरी आणून माझ्या ताटात ठेवली, आधीची संपायच्या आत.

मी जेवले. मीठ मागितलं नाही.